सोनेरी पेटीची वाट पाहताना

आगमनकाळ हा प्रतीक्षेचा काळ. वेदीवर जांभळे वस्त्र येते, रविवारचे गौरवगीत चार आठवडे मौन पाळते, पेटी-तबल्यालाही आवाज आवरता घ्यावा लागतो, आणि हिरव्या चक्रातील मेणबत्त्या दर रविवारी एकेकीने उजळत जातात. या दिवसांत प्रवचनपीठावरून आम्ही धर्मग्रामस्थांस सांगत असतो की, बाबांनो, वाट पाहावयास शिका. वृद्ध शिमोनाने वाट पाहिली, हन्नाने मंदिराच्या आवारात आयुष्य वेचले, योहानाने रानात हाक दिली. पंचवीस वर्षे हे सांगून झाल्यावर २०२२ सालच्या आगमनकाळात आम्ही स्वतः कशाची वाट पाहत होतो, हे सांगितले तर वाचकबंधुभगिनी हसतील. आम्ही एका वॉकमनची वाट पाहत होतो.

त्याचे असे झाले. त्या वर्षी आमच्या गुरुदीक्षेस पंचवीस वर्षे पूर्ण झाली. आमचा पुतण्या जपानात योकोहामा येथे अभियंता आहे. त्याने दूरध्वनीवर विचारले, "फादरकाका, रौप्यमहोत्सवाला तुम्हांला काय आणू?" अशा प्रश्नास धर्मगुरूने काय उत्तर द्यावयाचे असते हे आम्हांस पाठ आहे. तुझी प्रार्थना पुरेशी आहे, असे आम्ही इतर सर्वांस सांगितलेही होते. परंतु त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत त्याने मोठ्या उत्साहाने आम्हांला कळविले होते की, सोनी कंपनी एक नवा वॉकमन काढीत आहे, आणि तो सोन्याचा आहे. ते आमच्या मनात कोठेतरी रुतून बसले असावे. आम्ही म्हणालो, "तो सोन्याचा वॉकमन एकदा पाहावयास मिळेल का रे?" तो म्हणाला, "पाहायला कशाला? नाताळला येतो तेव्हा आणतोच." यावर नको म्हणावयास हवे होते. आम्ही ते म्हटले, पण जितक्या जोराने म्हणावयास हवे होते तितक्या जोराने नाही.

त्या यंत्राचे नाव एखाद्या पावतीवरील क्रमांकासारखे आहे : एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेडएम२. त्याचा पूर्वज २०१६ सालच्या सप्टेंबरात बर्लिनच्या प्रदर्शनात प्रथम दाखविण्यात आला होता. हा त्याचा वारस, मार्च २०२२ मध्ये जपानात विक्रीस आला. किंमत सुमारे चार लक्ष येन, म्हणजे आपल्या रुपयांत दोन लाखांच्या वर. सोन्याचा म्हणतात तो काही सगळा सोन्याचा नव्हे. त्याचे अंग तांब्याच्या एका सलग ठोकळ्यातून कोरून काढलेले असते. त्या तांब्यातील प्राणवायूचा अंश काढून टाकून ते ९९.९९ टक्के शुद्ध केलेले असते, आणि त्यावर सोन्याचा मुलामा असतो. हे वाचले तेव्हा आम्हांला मिस्साच्या चषकाची आठवण झाली. चषकाला आतून मुलामा देतात, कारण आत जे ओतले जाते त्याचा तो मान असतो. याला मुलामा बाहेरून होता. हा भेद आमच्या तेव्हाच लक्षात आला होता, हे येथे नमूद करून ठेवतो. लक्षात येऊनही काही फरक पडला नाही, हेही.

रात्रीची प्रार्थना आटोपली की आम्ही मोबाइल हाती घेऊन या यंत्राविषयी वाचत बसू लागलो. ध्वनी आकड्यांत कसा साठवितात याचे ज्ञान आम्हांला त्या आगमनकाळात झाले. वाहत्या ध्वनीचे क्षणाक्षणाला माप घ्यावयाचे आणि ती मापे ओळीने लिहून ठेवावयाची, हे त्याचे मूळ तत्त्व. १९८२ साली बाजारात आलेल्या सीडीत अशी मापे एका सेकंदास ४४,१०० वेळा घेतलेली असतात. या नव्या यंत्रांस सेकंदाला १,९२,००० वेळा घेतलेली मापेदेखील वाजविता येतात, आणि प्रत्येक माप अधिक बारकाईने लिहिलेले असते. एमपीथ्री नावाचा जो प्रकार जर्मन संशोधकांनी विकसित केला, त्यात याच्या उलट करतात. माणसाच्या कानाला जे जाणवणार नाही असे वाटते ते गाळून टाकतात, म्हणजे गाणे थोड्या जागेत मावते. मोबाइलवर आपण जे ऐकतो ते बहुधा असे गाळीव संगीत असते. आम्हांला आता न गाळलेले ऐकावयाचे होते.

येथे विवेकाने एक प्रश्न केला. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही तरुणपणी. पन्नाशीनंतर वरचे सूर एकेक करून निरोप घेतात. आणि आमच्या कानांनी तर पंचवीस वर्षे चर्चच्या घंटा, सणांतील बँड आणि कर्ण्यांचे कर्कश शिट्टीसारखे ओरडणे सोसलेले. शिवाय ज्या सुरापर्यंत ऐकावयाचे त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे घेतली की ध्वनी पुरेपूर उभा करता येतो, हे गणिताने सिद्ध झालेले आहे. त्या हिशेबाने सीडीच पुरेशी ठरते. २००७ साली अमेरिकेतील बोस्टनच्या परिसरात एक चाचणी झाली. उच्च प्रतीचे ध्वनिमुद्रण आणि तेच सीडीच्या प्रतीला उतरविलेले, ही दोन्ही न सांगता ऐकवून लोकांना ओळखावयास सांगितले. ५५४ वेळा विचारले, त्यात २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी साधारण इतकेच आले असते. हे सारे आम्ही वाचले, पटले, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा त्या सोनेरी पेटीची चित्रे पाहत बसलो.

कॅनन लॉचे २८२वे कलम धर्मगुरूंना साधी राहणी ठेवण्यास आणि मिरविण्याचा वास येणाऱ्या सर्व गोष्टींपासून दूर राहण्यास सांगते. सेमिनरीत आम्हांस ते शिकविले आहे. २०१३ सालच्या जुलैत पोप फ्रान्सिस यांनी गुरुविद्यार्थ्यांपुढे बोलताना, नवीनतम मोटारीत बसलेला धर्मगुरू पाहून आपणांस दुःख होते, असे सांगितले होते. ते मोटारीविषयी बोलले, वॉकमनविषयी नाही, अशी पळवाट आमच्या मनाने काढली. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून इतकी वर्षे लोकांच्या पळवाटा ऐकल्या, त्यामुळे आपली पळवाट ओळखावयास आम्हांस वेळ लागला नाही. तरीही आम्ही पुतण्याला फोन केला नाही.

मात्र आमच्या या ओढीचे मूळ सोन्यात नव्हते, तांब्यातही नव्हते. ते कळावे म्हणून चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजी जपानात विक्रीस आला. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकावयाचे होते. म्हणून वार्ताहरांसाठी असलेल्या एका छोट्या टेपरेकॉर्डरमधून ध्वनिमुद्रणाची सोय काढून टाकण्यात आली आणि त्याजागी दोन्ही कानांत वेगवेगळा ध्वनी देणारी रचना बसविली. जे यंत्र आवाज टिपू शकत नाही ते कोण विकत घेईल, अशी शंका पुष्कळांना होती, आणि पहिल्या महिन्यात खपही बेताचाच झाला. ऑगस्ट संपेपर्यंत मात्र पहिली ३०,००० यंत्रे संपली. दुसरे संस्थापक आकिओ मोरिता यांना एका गोष्टीची टोचणी होती. एकट्याने कान झाकून संगीत ऐकत बसणे त्यांना असभ्य वाटले. त्यांच्या पत्नीलाही ते रुचले नव्हते. म्हणून त्यांनी त्या यंत्राला हेडफोनची दोन छिद्रे ठेवविली आणि एक नारिंगी बटण बसविले. ते दाबले की संगीत मंद होई आणि ऐकणाऱ्या दोघांना एकमेकांशी बोलता येई. पुढे कंपनीच्या ध्यानात आले की लोकांना एकट्यानेच ऐकावयाचे आहे. मग ते नारिंगी बटण गेले. कालांतराने दुसरे छिद्रही गेले.

तसले निळ्या-चंदेरी रंगाचे, नारिंगी बटणाचे यंत्र १९८२ साली आमच्या वसईच्या घरी आले. कुवेतला असलेले मामा सुटीवर आले होते. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे, थोरले बंधू सोळा वर्षांचे. यंत्राला छिद्रे दोन होती, पण हेडफोन एकच होता. म्हणून त्याची लोखंडी पट्टी आडवी धरून एक नारिंगी स्पंज त्यांनी आपल्या कानाला लावावयाचा आणि दुसरा आम्ही. डोके डोक्याला टेकवून आम्ही दोघे पडवीत बसत असू. बंधू मध्येच ते बटण दाबीत आणि अगदी कानाशी येऊन, जणू काही तारेवरून बोलत आहेत अशा थाटात विचारीत, "ऐकू येतंय का?" डोकी चिकटलेली असताना न ऐकू यावयास काय झाले! तरी आम्ही गंभीरपणे "येतंय" म्हणत असू. दीड महिना हा खेळ चालला. मग मामांची सुटी संपली. जाताना ते म्हणाले, "पुढच्या खेपेला तुम्हांला असाच आणतो."

आम्ही दोन वर्षे वाट पाहिली. वाडीत पानवेलींना पाणी देताना, केळीची पाने कापताना, सायकलवरून शाळेत जाताना, वॉकमन आल्यावर प्रथम काय ऐकावयाचे याची यादी आम्ही दोघे कितीदा तरी करीत असू. १९८४ साली मामा आले ते एक मोठे खोके घेऊन. त्यातून निघाला टू-इन-वन. एकाने ऐकण्यापेक्षा घरातील सगळ्यांनी ऐकावे, असा विचार त्यांनी केला होता आणि तो शहाणपणाचा होता. पण चौदा वर्षांच्या मुलास शहाणपणाचे काय? आम्ही मागच्या दारी जाऊन रडलो, हे आता सांगावयास हरकत नाही. बंधू रडले नाहीत. त्यांनी खोक्यावरची चित्रे न्याहाळली, एक तांबडे बटण शोधून काढले आणि म्हणाले, "अरे, यात भरता पण येतं!"

त्याच नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला बंधूंनी तो टू-इन-वन गायकवृंदाच्या बाकावर नेऊन ठेवला आणि साठ मिनिटांची कोरी कॅसेट त्यात घातली. ऐन वेळी वीज गेली. कर्णा बंद, दिवे बंद. मिस्सा मेणबत्त्यांच्या उजेडात झाली आणि टू-इन-वन सेलवर चालला. त्या कॅसेटमध्ये बंधूंनी गायिलेले एक गीत आहे, पेटीवर, एकट्याने. त्यांचे तेव्हा वय अठरा. वॉकमन आला असता तर हे गीत कोठेच राहिले नसते, कारण वॉकमनला टिपता येत नव्हते.

बंधूंविषयी फार लिहीत नाही. वडिलांच्या मागे त्यांनी वाडी सांभाळली, पहाटेच्या लोकलने मोगरा आणि चाफा दादरच्या फूलबाजारात नेला, आणि आम्ही सेमिनरीत निर्धास्तपणे ग्रेगोरियन संगीताचे धडे गिरवू शकलो. पस्तीसहून अधिक वर्षे ते गावच्या गायकवृंदात होते. लग्ने, पहिले प्रभुभोजन, सण, आणि अंत्यविधी तर किती, त्याची गणती नाही. मे २०२१ मध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ते गेले. अंत्यविधीस वीस माणसांची मर्यादा होती. शेकडो मयतांना ज्यांनी गाऊन निरोप दिला, त्यांच्यासाठी गायला त्या दिवशी कोणी नव्हते. विधी आम्हीच केला. एखादे गीत आम्ही म्हणावयास हवे होते. तोंडावर मुखपट्टी होती आणि गळ्यातून आवाज निघाला नाही.

पुतण्या तेव्हा येऊ शकला नव्हता. वर्षभराने आला, तेव्हा घरातील जुन्या कॅसेटी बरोबर घेऊन गेला. तिकडे त्याने जुन्या बाजारातून एक टेपडेक मिळविला, त्याचे डोके साफ केले, आणि त्या कॅसेटी उच्चतम प्रतीच्या मापांत उतरवून घेतल्या. नोव्हेंबरात त्याने विचारले, "फादरकाका, पप्पांचं गाणं मोबाइलवर पाठवू का?" आम्ही म्हणालो, "नको. येशील तेव्हा त्या नव्या यंत्रावरच ऐकू." त्याला वाटले, काकांना दर्जाची चाड आहे. आम्हांलाही काही दिवस तसेच वाटत होते. खरे सांगावयाचे तर त्या आवाजास सामोरे जाण्याचे धैर्य आमच्यापाशी नव्हते, आणि सोनेरी पेटी हे सोयीचे निमित्त होते. जोवर ती येत नाही तोवर ऐकावे लागणार नव्हते. प्रतीक्षेवर इतकी प्रवचने दिली, पण टाळण्यालाही वाट पाहण्याचे रूप घेता येते, हे एकाही प्रवचनात आमच्या तोंडून आले नव्हते.

पुतण्या २३ डिसेंबरला आला. धर्मगुरूस नाताळच्या आठवड्यात घर नसते. पापनिवेदने, मिस्सा, आजाऱ्यांना प्रभुभोजन, युवकांचे कार्यक्रम. २७ तारखेस, संत योहानाच्या सणाच्या सायंकाळी, आम्ही घरी जाऊ शकलो. तोवर त्याने खोके उघडले नव्हते. आई, वहिनी, पुतण्या आणि आम्ही, असे सगळे पुढच्या खोलीत बसलो. आईचे वय तेव्हा चौऱ्याऐंशी. कानांनी तिला फारच कमी ऐकू येते, त्यामुळे अलीकडे ती मिस्सालाही ओठांच्या हालचालींवरूनच उत्तरे देत असते.

खोके उघडले. पेटी खरोखरच देखणी होती, यात वाद नाही. आईने ती हाती घेतली आणि म्हणाली, "किती जड रे ही! वाटण वाटायला आणलीस का?" वजन अर्ध्या किलोच्या जवळपास आहे. १९७९ चा पहिला वॉकमन ३९० ग्रॅमचा होता. चाळीस वर्षांची प्रगती होऊन खिशातील यंत्र जड झाले, ही गंमत पुतण्याच्या ध्यानात आली नव्हती. आम्ही सांगितल्यावर तो हसला.

आमचे लक्ष दुसरीकडेच होते. पेटीच्या माथ्यावर हेडफोनची दोन छिद्रे होती. आम्ही हरखून म्हणालो, "याला पुन्हा दोन ठेवली वाटतं! म्हणजे दोघांना ऐकता येईल." पुतण्या संकोचला. "नाही फादरकाका, ती दोन्ही एकाच माणसासाठी आहेत." एक छिद्र नेहमीच्या साडेतीन मिलिमीटर पिनेचे, दुसरे ४.४ मिलिमीटरच्या जाड पिनेचे. जाड पिनेतून डाव्या आणि उजव्या कानाच्या तारा शेवटपर्यंत वेगळ्या राहतात, त्यामुळे आवाज अधिक स्वच्छ येतो असे म्हणतात. पण एका वेळी एकाच छिद्रातून आवाज निघतो. मोरितासाहेबांचे ते दुसरे छिद्र परत आले खरे, पण ते दुसऱ्यासाठी आलेले नव्हते.

पुतण्याने आणखी एक गोष्ट विचारली. त्या यंत्रात अशी एक करामत आहे की, गाळलेल्या किंवा हरवलेल्या वरच्या सुरांचा अंदाज बांधून ते यंत्र आपल्या बुद्धीने पुन्हा भरून काढते. "जुन्या टेपला चांगलं होईल. चालू करू?" आम्ही क्षणभर विचार केला आणि नको म्हणालो. जे त्या रात्री टेपने ऐकले तेवढेच ऐकावे, असे वाटले. यात शास्त्र काही नव्हते.

मग प्रश्न आला, प्रथम कोणी ऐकावयाचे. भेट आमची होती. पुतण्याने हेडफोन आमच्याकडे केला. आम्ही तो कानाला लावला. टेपची खरखर सुरू झाली, कोणीतरी खोकले, बाक सरकल्याचा आवाज आला, पेटीचा भाता उघडला. पहिला सूर लागण्यापूर्वीच आम्ही हेडफोन काढला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. हे औदार्य म्हणून कोणी वाचू नये. आमच्याने पुढे ऐकवले नसते, इतकेच.

पुतण्याने आवाज वाढविला. आई प्रथम गोंधळली, मग स्थिर झाली. तिने विचारले नाही की हा कोण. एखाद मिनिट ती नुसती समोर पाहत होती. आणि मग ती गाऊ लागली. कानांवर हेडफोन असला की आपला आवाज आपल्याला कळत नाही, तसे झाले असावे. ती मोठ्याने, न लाजता, खोल आणि फाटक्या आवाजात ते गीत मुलाबरोबर गात होती. शब्द सगळे तिच्या ध्यानात होते. पेटी आम्हांला ऐकू येत नव्हती, बंधूही ऐकू येत नव्हते. पण ते कोठे थांबले, कोठे त्यांनी श्वास घेतला, कोठे ओळ दुसऱ्यांदा घेतली, हे आईच्या गाण्यावरून आम्हां तिघांस नीट कळत होते. वहिनी उठून आत गेल्या. थोड्या वेळाने परत येऊन आईच्या शेजारी बसल्या. त्यांनी तिच्या हेडफोनची एक बाजू जराशी उचलली आणि आपला कान तिथे लावला.

आईने पेटी परत दिली नाही. रात्री ती उशाशी घेऊन झोपली. आम्हीही मागितली नाही. त्यामुळे २८२व्या कलमाचा प्रश्न आमच्यापुरता आपोआप सुटला. तो आम्ही सोडविला, असा दावा करता येत नाही.

पुढच्या सोमवारी, २ जानेवारीस, आम्ही पुन्हा घरी गेलो. दुपारी आई निजली होती. पुतण्या म्हणाला, "आता तरी ऐका." वाडीकडच्या पायरीवर बसून आम्ही ते गीत पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकले. सहा मिनिटांचे आहे. आवाज आमच्या आठवणीतल्यापेक्षा पातळ होता, आणि एके ठिकाणी सूर किंचित उतरला होता. अठरा वर्षांचा मुलगाच तो. गीत संपले, भाता मिटला. पुतण्या हेडफोन घेण्यास हात पुढे करीत होता, तोच खरखरीतून बंधूंची कुजबुज आली : "बॅटरी नीट धर."

विजेरीला आमच्याकडे बॅटरी म्हणतात. वीज गेलेली होती, आणि त्यांच्या गीताच्या वहीवर विजेरीचा उजेड धरून शेजारी कोणीतरी उभे असणार. ते आम्ही होतो. हे आम्ही पार विसरून गेलो होतो. लहानपणी टू-इन-वनवर ती कॅसेट पुष्कळदा लागली होती, पण त्याच्या मोटारीच्या गुणगुणीत ही कुजबुज कधी ऐकू आली नव्हती. आम्ही ती जागा पुन्हा लावावयास सांगितली, आणि पुन्हा.

संध्याकाळी आम्ही एक प्रयोग केला, तोही सांगितला पाहिजे. पुतण्याकडून तेच गीत आमच्या जुन्या मोबाइलमध्ये घेतले आणि साध्या हेडफोनने ऐकले. कुजबुज तेथेही स्वच्छ ऐकू येते. बोस्टनच्या त्या चाचणीने जे दाखविले तेच. पुतण्यास हे आम्ही अद्याप सांगितलेले नाही. हा लेख त्याच्या हाती पडला तर त्याने आम्हांस क्षमा करावी. यंत्र आणल्याबद्दल त्याचे आभार कमी होत नाहीत, कारण ते येणार नसते तर आम्ही ते गीत आणखी किती वर्षे लांबणीवर टाकले असते, कोणास ठाऊक.

योकोहामाला परतताना पुतण्याने एक सूचना देऊन ठेवली. अशी यंत्रे नवी असताना पूर्ण उमलत नाहीत म्हणे. आतील सुटे भाग रुळावे लागतात, आणि त्यासाठी सुमारे २०० तास ते वाजवीत ठेवावे लागते. तेव्हा कोठे त्याचा खरा आवाज ऐकू येतो. "फादरकाका, रात्री नुसतं चालू करून ठेवा, एका चार्जवर चाळीस तास चालतं, पाच खेपांत काम होईल." आम्ही आईला हे सांगून पाहिले. तिला ते पटले नाही. कोणी ऐकत नसताना त्याने गात का राहावे, असे तिने विचारले. ती रोज दुपारी जेवणानंतर एकदा ते गीत लावते, एकदाच, आणि पेटी रुमालात गुंडाळून ठेवते.

आम्ही मिस्सांच्या हेतूंची नोंद ठेवतो त्या वहीच्या मागील पानावर हिशेब केला. दोनशे तासांची बारा हजार मिनिटे होतात. रोज सहा मिनिटे धरली तर दोन हजार दिवस. म्हणजे २७ डिसेंबर २०२२ पासून मोजले, तर २०२८ सालच्या जूनच्या मध्यावर यंत्र रुळेल, आणि तेव्हा आईला नव्वदावे लागलेले असेल. पुतण्या फोनवर अधूनमधून विचारतो, "किती तास झाले?" आम्ही वही पाहून आकडा सांगतो.